समुद्रकिनाऱ्यालगत एकट्याने सायकलप्रवास करताना: एका दिवसाची आखणी

समुद्रकिनाऱ्यालगतच्या लांब पल्ल्याच्या प्रवासाला पहिल्यांदाच एकट्याने निघणारा सायकलस्वार आदल्या रात्री नकाशा उघडतो, तेव्हा बहुधा उद्या किती किलोमीटर जायचे एवढेच ठरवतो. अनेक प्रवासांनंतर माझा क्रम याच्या नेमका उलट झाला आहे. मी आधी वारा पाहतो, मग भरती-ओहोटीच्या वेळा, मग रस्त्यावरचे चढ, आणि या तिन्हींच्या हिशेबात जेवढे अंतर बसेल तेवढेच त्या दिवसाचे अंतर मानतो. पठारावरच्या प्रवासात शरीराची ताकद हाच मोठा हिशेब असतो. किनाऱ्यावर मात्र हवेचे आणि पाण्याचे स्वतःचे वेळापत्रक असते आणि ते बऱ्याच अंशी आधी कळू शकते. ते वाचायला शिकलेला नवखा सायकलस्वार हा ते न वाचणाऱ्या तगड्या सायकलस्वारापेक्षा कमी थकून मुक्कामी पोहोचतो, असे मी वारंवार पाहिले आहे. पुढे एका दिवसातली कामे ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने मांडली आहेत. सायकल लांबच्या प्रवासासाठी सज्ज आहे, सामान १२ ते १५ किलोच्या आत आहे आणि सलग तीन-चार तास सायकल चालवण्याचा सराव आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

आदली रात्र: अंतर सर्वांत शेवटी ठरवावे

किनाऱ्यावर दोन ठिकाणांमधले सरळ अंतर जवळजवळ निरुपयोगी असते. प्रत्येक खाडीपाशी रस्ता आत वळतो, पूल गाठतो आणि पुन्हा समुद्राकडे येतो. त्यामुळे नकाशावर ४० किलोमीटर भासणारा टप्पा प्रत्यक्षात ६०-६५ किलोमीटरचा निघू शकतो. दुसरी गोष्ट चढांची. समुद्राला मिळणाऱ्या नद्या आणि ओढे जमीन कापत खाली येतात, म्हणून किनाऱ्याला समांतर जाणारा रस्ता प्रत्येक मुखाशी खाली उतरतो आणि पुढच्या भूशिरावर पुन्हा चढतो. समुद्रसपाटीलगतचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, या समजुतीने निघालेल्यांची पहिल्याच दिवशी दमछाक होते ती यामुळेच. कोणताही एक चढ ६० मीटरचाच असला, तरी असे १५ चढ मिळून ९०० मीटर होतात आणि तेवढ्या उंचीला मोठा घाट चढल्याइतकेच श्रम लागतात.

वेळेचा अंदाज बांधण्याची माझी रीत साधी आहे. सामानासह, वारा नसताना सपाटीवर तासाला १६ किलोमीटर धरावेत आणि एकूण चढाईतल्या प्रत्येक १०० मीटरला १० मिनिटे वाढवावीत. सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो वजन १०० मीटर उचलायला सुमारे ९३ किलोज्यूल ऊर्जा लागते. दिवसभर टिकेल अशा १२० वॅटच्या बेताच्या जोराने ती द्यायला १३ मिनिटे लागतात आणि त्यांतली थोडी उतारावर परत मिळतात. या हिशेबाने ६५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई म्हणजे सुमारे साडेपाच तास प्रत्यक्ष सायकल चालवणे झाले. त्यात दीड-दोन तासांचे थांबे मिळवले की दिवस भरला. पहिल्या तीन दिवसांत याहून मोठा टप्पा घेऊ नये. गुडघे आणि बैठक यांना नव्या कामाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

यानंतर भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. वाटेत तरीने ओलांडायची खाडी असेल, पाण्याखाली जाणारा सखल रस्ता असेल किंवा पुळणीवरून जावे लागणार असेल, तर त्या दिवसाची आखणी त्या एका ठिकाणापासून मागे मोजत करावी. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून आजची वेळ उद्या साधारण ५० मिनिटे पुढे सरकलेली असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि नेहमीपेक्षा खालीही जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक कमी होतो.

या कोष्टकातून थेट न दिसणारी एक गोष्ट नवख्याने आवर्जून समजून घ्यावी: पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोक त्यासाठी बाराव्या हिश्श्याचा ठोकताळा वापरतात. पूर्ण ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात एकूण वाढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन हिस्से, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक हिस्सा पाणी चढते. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मी भरती येते. सुरुवातीच्या एका प्रवासात मी ओहोटीनंतर दोन तासांनी अशा एका सखल रस्त्यापाशी पोहोचलो. रस्ता कोरडा होता, दोन तासांत पाणी फारसे वाढलेले दिसत नव्हते, म्हणून मी काठावर बसून अर्धा तास खाण्यात घालवला. उठलो तेव्हा रस्त्याचा मधला भाग पाण्याखाली होता आणि तो पुन्हा उघडा पडेपर्यंत मला साडेसात तास थांबावे लागले. त्या दिवसापासून असे ठिकाण आले की मी आधी ते ओलांडतो आणि मग विसावतो.

झोपण्यापूर्वीचे शेवटचे काम म्हणजे घरच्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला उद्याचा मार्ग, मुक्कामाचे ठिकाण आणि संपर्काच्या दोन वेळा लिहून कळवणे. ठरल्या वेळेनंतर किती तास वाट पाहायची आणि त्यानंतर नेमके कोणाला फोन करायचा, हेही त्याच संदेशात असावे. नुसते ‘पोहोचल्यावर कळवतो’ म्हणून भागत नाही. उशीर झाला तर समोरच्याला काळजी करण्यापलीकडे काहीच करता येत नाही.

पहाट: उजाडताच निघावे

लवकर निघण्याचा सल्ला सगळेच देतात, पण किनाऱ्यावर त्याला विशेष कारण आहे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, समुद्राचे पाणी मात्र सावकाश तापते आणि सावकाश निवते. रात्री जमीन पाण्यापेक्षा थंड होते आणि हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते. हे मतलई वारे. ते बहुधा मंद असतात आणि पहाटेपर्यंत टिकतात. सूर्य वर आला, जमीन तापली, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर गेली, की समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला आत शिरते. हे खारे वारे. स्वच्छ, उन्हाच्या दिवशी ते साधारण दहा-अकराच्या सुमारास सुरू होतात, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जोरात असतात आणि सूर्यास्तानंतर पडतात. या दोन वाऱ्यांच्या मध्ये सकाळी दोन-तीन तास हवा जवळजवळ स्थिर असते. दिवसाच्या अंतरातला निम्म्याहून अधिक भाग याच तासांत उरकावा. उजाडायच्या बेताला निघून साडेदहापर्यंत ३५-४० किलोमीटर झाले असतील, तर उरलेल्या दिवसात कशाचीही घाई राहत नाही.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे सायकल तपासावी. टायर बोटांनी दाबून पाहावेत. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये सामानासह ४५ ते ६० पीएसआय हवा पुरते आणि मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त असावी. दोन्ही ब्रेक एकेक करून दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी. चाक उचलून फिरवावे, म्हणजे ढिली झालेली आरी किंवा टायरमध्ये रुतलेली काच लक्षात येते. शेवटी कॅरिअरचे स्क्रू पाहावेत, कारण खडबडीत रस्त्यावर सर्वांत आधी तेच सैल होतात. पुढचा आणि मागचा दिवा उजेडातही चालू ठेवावा. समुद्रावर पहाटे धुके असते आणि कमी उंचीवरच्या सूर्यामुळे समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात.

वारा: या प्रवासाचा खरा सोबती

येथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण किनाऱ्यावर नवख्यांचे सर्वाधिक हाल वाऱ्यानेच होतात आणि त्यांतले बरेचसे टाळता येतात. हवेचा विरोध हा सायकलचा वेग आणि समोरच्या वाऱ्याचा वेग यांच्या बेरजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तासाला १८ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला तेवढाच वारा समोरून लागला, तर हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. अशा वेळी आधीचा वेग टिकवण्याचा हट्ट धरला की पाय तासाभरात संपतात. त्याऐवजी गिअर दोन पायऱ्या हलका करावा, पॅडल फिरवण्याची गती मिनिटाला ७० ते ८० फेऱ्यांच्या आसपास ठेवावी, कोपर वाकवून अंग थोडे खाली घ्यावे आणि वेग दाखवणारा आकडा चक्क झाकून टाकावा. श्वासाकडे लक्ष द्यावे. मोठ्याने एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच जोर लावला तर तो दिवसभर पुरतो. पाठीमागून वारा लागल्यावर वेळ भरून काढू, हा हिशेब कधीच जमत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात माणूस जास्त वेळ घालवतो आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी.

प्रवासाची दिशा निवडण्याची मुभा असेल तर आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. खारे वारे सुरुवातीला समुद्राकडून जवळजवळ काटकोनात येतात, पण पृथ्वीच्या परिवलनामुळे दिवस चढेल तशी त्यांची दिशा उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि दक्षिण गोलार्धात त्याच्या उलट वळत जाते. परिणाम असा की इतर मोठे वारे नसतील तर उत्तर गोलार्धात समुद्र उजव्या हाताला ठेवून जाणाऱ्याला आणि दक्षिण गोलार्धात डाव्या हाताला ठेवून जाणाऱ्याला उत्तरदुपारी वाऱ्याचा थोडा रेटा पाठीमागून मिळतो. अर्थात, हंगामी वारे जोरदार असतील तेव्हा त्यांचेच चालते. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर उन्हाळ्यात वायव्येकडून वारे वाहतात, म्हणून तिथला प्रवास बहुतेक सायकलस्वार उत्तरेकडून दक्षिणेकडे करतात. समुद्र तिथे उजव्या हाताला राहतो आणि वाहतूकही उजव्या बाजूने असल्यामुळे रस्ता न ओलांडता काठावर थांबता येते.

आडव्या वाऱ्याबद्दल मात्र सोयीपेक्षा सावधगिरीचा विचार आधी करावा. आपण रस्त्याच्या समुद्राकडच्या कडेने जात असलो, तर समुद्रावरून येणारा झोत आपल्याला वाहनांच्या बाजूला ढकलतो; जमिनीकडच्या कडेने जात असलो, तर तोच झोत रस्त्याबाहेर ढकलतो. पहिल्या परिस्थितीत कडेपासून मीटरभर आत राहून, मागून येणाऱ्या वाहनाकडे आरशातून लक्ष ठेवावे. दुसऱ्या परिस्थितीत मोठा ट्रक शेजारून जातो तेव्हा क्षणभर वारा अडतो आणि ट्रक पुढे गेल्यावर एकदम आदळतो; ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला आपण नकळत कललेले असतो, त्यामुळे त्या क्षणभराच्या शांततेत सायकल ट्रककडे झुकू शकते. हँडल दोन्ही हातांनी पण सैलसर धरावे, गुडघ्याने सायकलच्या नळीला हलका आधार द्यावा आणि झोत येतो आहे असे वाटले की पॅडल मारणे थांबवू नये, कारण फिरती चाके आणि सतत लागणारा जोर यांनी तोल टिकतो. पूल, कड्यांमधली खिंड, झाडांची रांग संपते ती जागा आणि बोगद्याचे तोंड या चार ठिकाणी झोत हमखास असतो. पुढच्या चाकावर मोठ्या बॅगा असतील तर त्याचा परिणाम वाढतो, म्हणून जड वस्तू खाली ठेवाव्यात आणि कॅरिअरवर उंच गठ्ठा बांधू नये.

वाऱ्याचा वेग मोजण्यासाठी यंत्र लागत नाही. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५मध्ये वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी लिहून ठेवली, तिचे जमिनीवरचे रूप आजही पुरेसे आहे. धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात, तेव्हा वारा चौथ्या श्रेणीचा, म्हणजे तासाला २० ते २८ किलोमीटरचा असतो. प्रवास सुरू ठेवता येतो, पण अंतराचा अंदाज एक तृतीयांशाने कमी करावा. पालवी असलेली लहान झाडे डोलू लागली की पाचवी श्रेणी, २९ ते ३८ किलोमीटर. अशा वेळी पुलांवर उतरून चालावे. मोठ्या फांद्या हलतात, तारांमधून शीळ ऐकू येते आणि छत्री धरणे कठीण होते, ती सहावी श्रेणी, ३९ ते ४९ किलोमीटर. सामान लादलेल्या सायकलवर एकट्या नवख्याने येथे थांबावे. माझ्या मते याला अपवाद नाही.

चढ, उतार आणि वाळू

किनाऱ्यावरचे चढ लहान पण उभे असतात. त्यांच्यासाठी सर्वांत हलका गिअर खरोखर हलका हवा: पुढे ३२ दातांचे चेनरिंग आणि मागे ३४ दातांची चक्री असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी तासाला सुमारे ७ किलोमीटरचा वेग मिळतो आणि गुडघ्यांवर ताण येत नाही. चढ सुरू होण्यापूर्वीच गिअर बदलावा. चढाच्या मध्यावर जोर लावत असताना बदलला तर चेन अडकते किंवा तुटते. चालत चढण्यात कमीपणा नाही.

उतारावर मात्र मनाला आवर घालावा लागतो. खाली पाणी दिसते, वेग चढतो आणि नेमक्या शेवटच्या वळणावर वाऱ्याने आणून टाकलेली वाळू पसरलेली असते. वळणापूर्वी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करावा. वाळूवर गेल्यावर ब्रेक दाबू नये आणि हँडल वळवू नये, सरळ रेषेत सायकल वाहू द्यावी. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवण्याऐवजी थोडा वेळ जोराने दाबून सोडावेत, म्हणजे ते तापत नाहीत. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतच्या घट्ट, ओल्या वाळूवरून सायकल छान चालते हे खरे आहे, पण तो आनंद दहा मिनिटांचा आणि चेनमध्ये शिरलेली खारी वाळू काढण्याचे काम तासाभराचे असते. दुसरा रस्ता असेल तर पुळणीवर उतरू नये.

पाणी, मीठ आणि खाणे

समुद्रावरच्या वाऱ्यामुळे घाम आल्याचे कळत नाही, आणि दमट हवेत तोच घाम सुकत नसल्यामुळे शरीर नीट थंडही होत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी थोडे थोडे करून प्यावे. उष्ण दिवशी नुसते पाणी भरपूर पिणेही धोक्याचे आहे, कारण घामातून गेलेल्या मिठाची भरपाई न झाल्यास रक्तातले सोडियम घटते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा ५ मिलिलिटरचा, एवढे मिश्रण कुठेही तयार करता येते. दोनपैकी एक बाटली त्याची ठेवावी. मिठाचे माप वाढवू नये. खाण्याबाबत एवढेच, की दीड तासापेक्षा जास्त वेळ चालवायचे असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत आणि भूक लागण्याची वाट पाहू नये. किनाऱ्याच्या निर्जन भागांत पाणी मिळण्याच्या जागा आदल्या रात्रीच नकाशावर खुणावून ठेवाव्यात.

डोके दुखणे, उन्हातही अंगावर काटा येणे, चक्कर आणि मळमळ ही उष्णतेने थकल्याची लक्षणे आहेत. ती दिसताच सावलीत थांबावे, मानेवर आणि काखेत पाणी लावावे. बोलण्यात गोंधळ होऊ लागला तर तो उष्माघात असतो आणि तत्काळ वैद्यकीय मदत लागते. एकट्या माणसाला स्वतःचा गोंधळ ओळखता येत नाही, म्हणूनच पहिल्या लक्षणालाच थांबायचे.

दुपार: थांबण्याचा आणि ठरवण्याचा वेळ

अकरा ते दोन या वेळात मी शक्यतो सायकल चालवत नाही. ऊन डोक्यावर असते, खारे वारे जोर धरत असतात, आणि अतिनील किरणे वरूनच नव्हे तर खालूनही येतात: कोरडी वाळू त्यांपैकी सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के परावर्तित करतो. म्हणून टोपीच्या सावलीतली हनुवटी, नाकपुड्या आणि गुडघ्यांची मागची बाजूही भाजते. पूर्ण बाह्यांचा हलका सदरा घालावा आणि उघड्या त्वचेवरचे सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

या विश्रांतीत ठरल्याप्रमाणे पहिला संदेश पाठवावा आणि मग पुढे जायचे की नाही हे शांतपणे ठरवावे. मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. अंधार पडण्याच्या दोन तास आधी मुक्कामी पोहोचता येईल का? वारा पाचव्या श्रेणीच्या खाली आहे का? आणि पुढच्या टप्प्यात अडचण आली तर थांबायला एखादी वस्ती आहे का? एका जरी प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले तर जिथे आहे तिथेच मुक्काम करतो. सोबतीला कोणी असते तेव्हा हा निर्णय बोलण्यातून होतो. एकटा माणूस मात्र स्वतःच्या उत्साहाशी किंवा स्वतःच्या भीतीशीच बोलत बसतो, म्हणून प्रश्न आधीच कागदावर लिहिलेले बरे. पहिल्या काही दिवसांत दुपारी मन अगदी खचते, सगळे सोडून परत जावेसे वाटते. तो एकटेपणा खरा असतो, त्याला कमी लेखू नये. पण परतण्याचा निर्णय खाऊन, पाणी पिऊन आणि अर्धा तास आडवे होऊन मगच घ्यावा, कारण साखर घटलेल्या शरीराला सगळेच निराशाजनक दिसते.

दुपारी ढग दाटले तर विजेचा हिशेब ठेवावा. वीज चमकल्यावर गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा उघडा किनारा, कड्याचा माथा आणि एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तिथेच थांबावे. भूकंपप्रवण किनाऱ्यावर जमीन बराच वेळ जोरात हादरली किंवा समुद्र अचानक दूरवर मागे गेला, तर इशाऱ्याची वाट न पाहता उंच जागी जावे; सामान आणि सायकल सोडून द्यावी लागली तरी चालेल.

पडल्यास लगेच उठून सायकल उचलण्याची घाई करू नये. रस्त्याच्या कडेला सरकून आधी डोके, मान, मनगटे आणि खांद्याचे हाड तपासावे, दहा मिनिटे बसावे आणि मग ठरवावे. ओळखपत्र, रक्तगट आणि संपर्काचा क्रमांक लिहिलेला कागद सायकलवर नव्हे, अंगावर असावा. फोन चार्ज असणे ही एकट्या प्रवाशाची जबाबदारी आहे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक अनेक देशांत मोबाइलवरून चालतो, पण प्रवासाच्या देशाचा क्रमांक आधी खात्री करून लिहून ठेवावा.

मुक्काम: आधी मीठ उतरवावे

मुक्कामी पोहोचल्यावर दुसरा संदेश पाठवावा, आणि अंघोळीच्याही आधी सायकलकडे पाहावे. दिवसभर न दिसणारे तुषार सायकलवर बसलेले असतात. मिठाचे कण सुकले म्हणून निरुपद्रवी होत नाहीत. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून ओले होते, आणि किनाऱ्यावरची रात्र बहुधा त्याहून दमट असते. म्हणजे आपण झोपलेले असताना चेन, आऱ्यांची टोके आणि स्क्रू रात्रभर खाऱ्या पाण्यात भिजत असतात. यावरचा उपाय सोपा आहे. दोन बाटल्या गोडे पाणी वरून खाली हळूहळू ओतावे. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये, कारण त्याने मीठ आणि वाळू बेअरिंगच्या आत ढकलली जाते. आधी पाणी, मगच फडके. उलट केले तर वाळूने रंग आणि रिम दोन्ही ओरखडतात. ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेले कण टाचणीने काढावेत. चेन फडक्यात धरून उलटी फिरवत पूर्ण कोरडी करावी, प्रत्येक कडीच्या आतल्या बाजूला तेलाचा एकेक थेंब द्यावा, दहा मिनिटांनी बाहेरचे तेल पुसून टाकावे, कारण बाहेर राहिलेले तेल फक्त वाळू धरून ठेवते. डिस्क ब्रेक असतील तर तेलाचा थेंब डिस्कवर जाणार नाही याची काळजी घ्यावी.

प्रवास काही आठवड्यांचा असेल तर सीटची दांडी दर पंधरवड्याला बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवावी. लोखंडी चौकटीत ॲल्युमिनिअमची दांडी असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन्ही धातू एकमेकांना झिजवत जाम होतात आणि मग ती दांडी कोणालाच निघत नाही. बाहेर काढण्यापूर्वी उंचीची खूण चिकटपट्टीने करून ठेवावी.

तंबूत राहणाऱ्याने परवानगी असलेलीच जागा निवडावी आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या काड्या-शेवाळाची जी रेघ दिसते तिच्या बरेच वर तंबू लावावा. ही रेघ गेल्या भरतीची असते. उधाण जवळ येत असेल तर पुढची भरती तिच्याही वर येईल. दारासमोर वारा येणार नाही अशा बेताने तंबू वळवावा, पण रात्री वारा जमिनीकडून फिरणार आहे हेही लक्षात ठेवावे. दिवसभराच्या घामानंतर पाण्यात उतरण्याचा मोह फार होतो. एकट्याने, अनोळखी किनाऱ्यावर, थकलेल्या पायांनी पोहायला जाऊ नये. गुडघाभर पाण्यात उभे राहूनही पाय छान निवतात.

मग जेवण, आणि जेवणानंतर वहीत चार ओळी: वारा किती वाजता सुरू झाला, कोणत्या दिशेने फिरला, चढाईचा अंदाज किती चुकला, पाणी किती लागले. तीन-चार दिवसांत त्या किनाऱ्याची चाल या नोंदींतून दिसू लागते आणि उद्याचा अंदाज कोणत्याही सर्वसाधारण सूत्रापेक्षा नेमका बांधता येतो. त्यानंतर भरतीचे कोष्टक पुन्हा उघडावे, उद्याच्या वेळा पाहाव्यात आणि गजर लावून झोपावे.